दोन तास कुठून आले

रविवारी दुपारी मला लक्ष्मीबाई नगरात जेवायला बोलावणं असायचं, आणि जेवणाआधी माझी मुलाखत व्हायची. दिल्लीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आम्हा मराठी मुलांची ही पद्धतच आहे. मुख्य परीक्षा पास झाली की आपल्याकडचा एखादा अधिकारी गाठायचा आणि म्हणायचं, सर, माझा मॉक घ्या. खऱ्या मुलाखतीआधीची ही लुटुपुटूची मुलाखत. माझ्या वाट्याला आलेले सर आमच्याच तालुक्यातले, केंद्र सरकारच्या एका खात्यात बऱ्यापैकी वरच्या हुद्द्यावर. डायनिंग टेबलाच्या एका टोकाला ते बसत, वर कोट आणि खाली घरातला पायजमा. दुसऱ्या टोकाला मी, मित्राच्या ब्लेझरमध्ये. एरवी ते मला अरेतुरे करत. मॉक सुरू झाला की 'तुम्ही' म्हणत, आणि मी ताठ बसे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून ऐकत असायच्या. माझं उत्तर लांबलं की भांडी जरा जोरात ठेवायच्या.

घरातली चौथी म्हणजे त्यांची मुलगी, नववीतली. ती मला दादा म्हणायची. दोन वर्षांपूर्वी सरांची कोल्हापूरहून दिल्लीला बदली झाली तेव्हा ती सातवीत होती. माझं म्हणाल तर बऱ्याच वर्षांच्या आपटाआपटीनंतर मी पहिल्यांदाच मुलाखतीपर्यंत पोचलो होतो आणि वयाच्या हिशोबाने ही शेवटचीच संधी होती. त्यामुळे सरांची मर्जी मला हवी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात ते सगळीकडे आहे.

डिसेंबर होता. बाहेरची हवा इतकी वाईट की समोरचा टॉवर दिसायचा नाही. मुलांना घराबाहेर पाठवू नका, असा सरकारी आदेश होता. दहावी-बारावी सोडून बाकीच्यांची शाळा ऑनलाइन झाली होती. सरांच्या घरी खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावलेली. हवा शुद्ध करणारं यंत्र एकच, ते बैठकीच्या खोलीत, म्हणून सगळं घर त्याच खोलीत. तिथेच सरांचा लॅपटॉप, तिथेच काकूंचं भाजी निवडणं, तिथेच मुलीची शाळा, आणि रविवारी तिथेच माझा मॉक. करोल बागेजवळच्या माझ्या बिनखिडकीच्या खोलीतून निघून मी सातव्या मजल्यावरच्या त्या घरी यायचो, तर खरं म्हणजे मोकळं वाटायला हवं. पण अर्ध्या तासात मला तिथे कोंडल्यासारखं व्हायचं. ते यंत्र सतत घरघरत असे आणि आपण सगळे त्याच्याभोवती दाटीवाटीने श्वास घेतोय, असं वाटे.

मुलीच्या फोनला सरांनी कुलूप घातलं होतं. शाळेचे तास वेगळे. त्याखेरीज दिवसाला दोन तास झाले की फोन आपोआप बंद. हे दोन तास शाळेच्या पालकसभेत एका डॉक्टरांनी सांगितले होते. सर काही दुष्ट माणूस नव्हते. दिल्लीतल्याच द्वारकेला राहणाऱ्या त्यांच्या एका सहकाऱ्याच्या मुलाने गेमच्या नादात शाळा सोडली होती. सर भेटायला गेले तर त्या पोराने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. तिथून आल्यावर ते नीट जेवले नाहीत, असं काकू सांगत. हा माणूस रोज रात्री आठला दमून घरी येणार. दिल्लीची हवा त्याच्या हातात नाही, बदली हातात नाही, पोरीचं गेलेलं कोल्हापूर हातात नाही. हातात काय, तर ते कुलूप. ते त्याने घट्ट धरून ठेवलं होतं.

मुलीच्या दोन तासांचं काय व्हायचं ते मी एका रविवारी पाहिलं. त्या दिवशी मॉक उशिरा झाला आणि मी संध्याकाळपर्यंत तिथेच राहिलो. पाच वाजता तिने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि व्हिडिओ कॉल लावला. कोल्हापूरची मैत्रीण. दोघी एका बाकावर बसणाऱ्या. मला वाटलं आता खिदळणं सुरू होणार. पण दोघींनी आपापली पुस्तकं काढली आणि माना खाली घातल्या. पडद्यावर त्या मैत्रिणीचा चेहरासुद्धा नव्हता, नुसतं वाकलेलं डोकं आणि मधोमध काढलेला भांग. मधूनच एक विचारायची, झालं? दुसरी म्हणायची, नाही अजून. बस, एवढंच. सात वाजता फोन काळा झाला. मैत्रीण वाक्याच्या मध्येच गेली. मुलीने पुस्तकातलं तेच पान उघडं ठेवलं आणि पंख्याकडे बघत बसली.

मला ते बघून चर्र झालं, कारण आम्ही पोरं असंच जगतो. परभणीला माझा एक मित्र आहे. तो तिकडे, मी इकडे, दिवसभर कॉल चालू ठेवून आम्ही मुख्य परीक्षेचा अभ्यास केला. त्यात बोलणं नसतं. समोर कुणीतरी वाचत बसलंय एवढंच असतं आणि तेवढ्यावर माणूस दिवस काढतो.

त्याच संध्याकाळी मुलीने बापाकडे अर्ज केला की हा कॉल दोन तासांत धरू नका. ती अभ्यास करते म्हणाली, सर म्हणाले, अभ्यासाला व्हिडिओ कशाला लागतो. ती म्हणाली, दोन तास कुठून आले ते तरी सांगा. सर म्हणाले, सायन्स आहे त्यामागे. ती म्हणाली, दाखवा. सर तिथे अडले. मग त्यांच्यातला अधिकारी जागा झाला आणि ते म्हणाले, तुझ्या दादाला पुढच्या रविवारी हाच प्रश्न टाकतो, तो पुराव्यासकट उत्तर देईल, त्यावर ठरवू. काकू हसल्या. मीही हसलो. मुलगी हसली नाही. मी दाराशी बूट घालत होतो तेव्हा ती माझ्याजवळ आली.

"दादा, माझी मैत्रीण म्हणते, रोज सातला तू जातेस, मग माझा अभ्यास तुटतो. ती कंटाळलीये यार. नीट शोधा हं."

मी तो आठवडा खरंच शोधलं. लायब्ररीतल्या माझ्या लाकडी आडोशाच्या जागेत बसून, मुलाखतीची तयारी बाजूला सारून, मोबाइलच्या पडद्यावर डोळे फोडत स्क्रीन टाइमवरचं वाचत राहिलो. माझ्या स्वतःच्या तासांची चौकशी करायला अर्थात कुणी नव्हतं.

जे सापडलं त्याने माझं डोकं फिरलं. हा दोन तासांचा आकडा मुळात टीव्हीच्या काळातला. तज्ज्ञांची समिती बसली, पालकांना काहीतरी सुटसुटीत सांगायला हवं म्हणून एक मर्यादा ठरली, आणि पुढे फोन आले तरी आकडा तोच राहिला. मोठ्या मुलांसाठी काही तज्ज्ञ मंडळांनी तर आता आकडा देणंच सोडून दिलंय. ते म्हणतात, तास मोजू नका, स्क्रीनमुळे काय मागे पडतंय ते बघा. झोप, खेळ, जेवण, माणसं. अगदी तान्ह्या मुलांना स्क्रीन नको म्हणणारेसुद्धा व्हिडिओ कॉलला सूट देतात, कारण समोर जिवंत माणूस असतं. झोपेबद्दलचा पुरावा त्यातल्या त्यात बरा. अंथरुणात फोन नको हे बहुतेक सगळेच मानतात. बाकी मनःस्थितीचं वगैरे विचाराल तर एकत्र दिसणं वेगळं आणि एकामुळे दुसरं होणं वेगळं. पोर उदास आहे म्हणून फोन घेऊन बसतं की फोन घेऊन बसल्यामुळे उदास होतं, हे अजून नीट सुटलेलं नाही. सगळ्या मुलांची सरासरी काढली तर परिणाम छोटा दिसतो, आणि सरासरीत प्रत्येक घरातलं एकुलतं एक पोर दिसत नाही.

आणि हे सगळं मोजलं कसं? पुष्कळदा आईबापांना किंवा मुलांनाच विचारून. मी मुद्दाम सरांच्या घरी फोन करून तिघांना वेगवेगळं विचारलं, मुलगी दिवसाला किती वेळ फोनवर असते. सरांनी सांगितलेला आकडा काकूंच्या दुप्पट होता, मुलीचा सगळ्यात कमी, आणि कुलपाचं ॲप चौथंच काही सांगत होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एवढं कळल्यावर मी खूश होतो. मला वाटलं, पोरीचं काम झालं.

रविवारी सर कोट घालून बसले. मुलगी यंत्राशेजारच्या सोफ्यावर. तिचा फोन टेबलावर, सरांच्या आणि माझ्या मधोमध, पालथा घातलेला. आधी तालुक्याबद्दल, मग कापसाबद्दल, मग एका शेजारी देशाबद्दल विचारून झालं. मग त्यांनी घसा साफ केला.

"किशोरवयीन मुलांसाठी स्क्रीनची दोन तासांची मर्यादा योग्य आहे, असं तुम्हाला वाटतं का? पुराव्यासह सांगा."

मी चांगला बोललो. टीव्हीचा काळ सांगितला, आईबापांना विचारून मोजण्यातली गफलत सांगितली, तासांपेक्षा स्क्रीनवर काय चाललंय आणि त्यामुळे काय राहून जातंय हे महत्त्वाचं, हेही सांगितलं. सोफ्यावरून मुलगी पुढे सरकून बसली. बाहेर खेळायला पाठवा असं एक मार्गदर्शन सांगतं आणि घराबाहेर पडू नका असं दुसरं, हेसुद्धा बोललो. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. आणि मग माझ्या जिभेवर आपसूक 'तथापि' आलं. आम्हाला ते वर्षानुवर्षं घोटवलेलं असतं. मुलाखतीत टोकाचं बोलायचं नाही, दुसरी बाजू आलीच पाहिजे, दोन्ही पारडी समान दिसली पाहिजेत. मी दुसरी बाजू मांडली. पुरावा कच्चा आहे म्हणजे धोका नाही असं नव्हे, काही मुलांना जास्त त्रास होऊ शकतो, आणि ती कोणती हे आधी सांगता येत नाही. यातलं काहीच खोटं नव्हतं.

सर पुढे झुकले. म्हणाले, याहून जास्त वेळ सुरक्षित आहे, असा ठाम पुरावा तुमच्याकडे आहे का? मी नाही म्हटलं. घातक आहे असा? मी म्हटलं, या वयात, अशा कॉलबद्दल, तसाही नाही.

"मग पुरावा अपुरा असताना चांगला प्रशासक काय करतो?"

याचं उत्तर आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही येतं. विचार करायच्या आत ते माझ्या तोंडून बाहेर पडलं. "खबरदारीची भूमिका घेतो, सर."

"उत्तम," सर म्हणाले, आणि फोन उचलून त्यांनी खिशात घातला. दोन तास कायम, कॉल धरून. त्यांनी मला त्या उत्तराबद्दल दहापैकी नऊ दिले. त्यांना खरोखर आनंद झाला होता. माझ्यासाठी झाला होता.

मुलगी म्हणाली, "दादा, तुम्ही बाबांना उत्तर दिलंत. जे सापडलं ते सांगायचं होतं ना फक्त."

मी ब्लेझर काढला आणि खुर्चीवर टाकला. म्हटलं, सर, मॉक राहू द्या, आता मी म्हणून बोलतो. ते जे चाललंय ते फोन बघणं नाहीये, ती तिची मैत्रीण आहे. या घरात दुसरं आहे काय, की ज्याला तो कॉल बाजूला सारेल? तिने खिडकी उघडायची का? सर माझ्याकडे शांतपणे बघत होते. त्यांना राग आला नाही, तेच वाईट. ते म्हणाले, "तुला पोर झालं की बोल. चल, हात धू." काकूंनी ताटं मांडली. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे मला त्या दिवशी घासाघासाला कळत होतं. मला सरांचा राग आला होता, स्वतःचा तर फारच. आणि भरीत चवदार झालं होतं, ते मी दोनदा मागून घेतलं.

त्या घरी जाणं बंद करावं, असं मनात आलं. पण जाणार कुठे? मुलाखत तोंडावर, सरांसारखं तयारी करून घेणारं दुसरं कुणी नव्हतं. मग मी जात राहिलो, आणि बघत राहिलो.

जानेवारीच्या सुरुवातीला मुलीने सातऐवजी सहालाच कॉल बंद करायला सुरुवात केली. मग आठवड्यातून एखाद-दोनदाच लावायला लागली. मग नाहीच. भांडण नाही, रडणं नाही, दार आपटणं नाही. सरांनी मला तिच्या फोन वापराचा आलेख दाखवला. रेघ उतरत उतरत तळाला टेकली होती. ते म्हणाले, बघ, सवय मोडली, मी नव्हतो म्हणत? त्यांचा चेहरा इतका हलका झालेला मी कधी पाहिला नव्हता. मला तो आलेख बघवेना. माझ्या वाचण्यात आलेल्या हिशोबांत असल्या उतरत्या रेघा चांगल्या खात्यात धरलेल्या होत्या.

काकूंच्या मात्र ते लक्षात आलं होतं. एकदा भाजी निवडताना त्या मला हळूच म्हणाल्या, ती हुज्जत घालत नाही रे आता. शाळा संपली की झोपते. उठते, पुस्तक उघडते, तेच पान. जेवायला बोलावलं तर येते, वाढलं तेवढं खाते. काही हवंय का विचारलं तर म्हणते, बिल्कुल नाही. काकूंनी आयुष्यभर तिच्या हट्टाला नावं ठेवली होती आणि आता त्या हट्ट शोधत होत्या. त्यांनी सरांना सांगितलं नव्हतं, कारण सर इतक्या दिवसांनी खूश होते. त्या तरी काय करणार? त्याही त्याच खोलीत होत्या.

सरांना कळलं ते त्यांचं त्यांनाच. एका दिवशी ऑफिसातून लवकर सुटले. घरी आले तर काकू खाली दूध आणायला गेलेल्या आणि मुलगी बैठकीच्या खोलीत सोफ्यावर बसलेली. हातात काही नाही, समोर काही नाही. सरांनी विचारलं, काय करतेस? ती म्हणाली, काही नाही, बाबा, स्क्रीन बंद आहे. उपरोध नव्हता त्यात, काकूंना सर नंतर म्हणाले. उपरोध असता तर बरं वाटलं असतं. त्या पोरीने नियम पाळल्याची माहिती दिली होती, जशी खालचा कर्मचारी वरच्याला देतो.

नंतरच्या रविवारी मी गेलो तेव्हा वारं सुटलं होतं आणि आकाश बऱ्याच दिवसांनी निळं होतं. काकू सुरीने खिडक्यांवरच्या चिकटपट्ट्या खरवडत होत्या. यंत्र बंद होतं. सरांनी कोट घातला नव्हता. मला म्हणाले, आज मॉक नको, बस जरा. मुलीला हाक मारली. ती आली आणि उभी राहिली. त्यांनी तिच्या फोनवरचं कुलूप आमच्या डोळ्यांदेखत काढून टाकलं आणि फोन तिच्यासमोर ठेवला. आयुष्यात किती फायलींवर त्यांनी आपलाच आदेश मागे घेतला असेल मला माहीत नाही. घरात बहुतेक हा पहिलाच.

"लाव तिला," ते म्हणाले. "हवा तेवढा वेळ. मी नाही मोजणार."

मुलीने फोनकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं. बापाला वाईट वाटू नये अशा बेताने ती म्हणाली, "अच्छा. पण ती आता क्लासमधल्या एकीबरोबर कॉलवर बसते, बाबा. त्यांचं टायमिंग जुळतं. मी एकदा मध्ये लावला होता, पण तिघींचं जमत नाही, डिस्टर्ब होतं त्यांना."

काकूंचा खरवडण्याचा आवाज थांबला. सरांनी त्या फोनवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे वळले.

"तू एवढं सगळं वाचलंस," ते म्हणाले. "याच्यावर काही होतं का रे त्यात?"

मी नाही म्हटलं. मुलीने विचारलं, मी जाऊ? सरांनी मान हलवली. ती आत गेली, फोन टेबलावरच राहिला.